पाच दिवस, दोन्ही नाकपुड्या

मुंगीच्या ओठाखाली पहिला फोड आला तेव्हा मी बेधडक सांगून टाकलं की डास चावलाय. या प्रकरणातलं ते माझं पहिलं निदान. पुढचीही सगळी त्याच लायकीची निघाली, पण तेव्हा मला अडवणार कोण?

मुंगी म्हणजे माझ्या लेकीची लेक, वय वर्षं पाच. घरातल्या कुठल्याही फळीवर, कुठल्याही डब्याआड साखर ठेवा, ही तिथे पोचते, म्हणून मुंगी. तेव्हा ती आमच्याकडे राहायला होती, कारण तिच्या आईला हॉस्पिटलातून हलता येत नव्हतं. मुंगीचा भाऊ सात आठवडे आधीच जगात आला होता. जन्मला तेव्हा वजन जेमतेम दीड किलो भरलं. तो काचेच्या पेटीत, लेक त्याच मजल्यावरच्या आयांच्या खोलीत आणि जावई बोटीवर, भर समुद्रात, इंजिनाच्या खोलीत. त्याला परतायला अजून तीन महिने होते. त्यामुळे घरात आम्ही तिघंच: मी, आमचे हे आणि मुंगी.

दर रविवारी दुपारी आम्ही हॉस्पिटलात जायचो. दाराशी नर्स हात धुवायला लावायची, मग लेक बाहेरच्या बाकावर येऊन बसायची आणि मुंगी तिच्या मांडीत शिरायची. तासभर तिथून हलायची नाही. मग आई तिला काचेतून भाऊ दाखवायची. त्या एका तासावर पोरगी बाकीचे सहा दिवस काढत होती, हे मला दिसत होतं.

डास चावल्याच्या चौथ्या दिवशी त्या फोडावर मधासारखी पिवळट खपली धरली आणि शेजारी आणखी तीन फोड उगवले. एक तर नाकपुडीच्या अगदी कडेला. मी खण उघडला. ह्यांच्या पायाला खाज सुटायची तेव्हाची एक अर्धी ट्यूब त्यात पडून होती. ती लावली. दोन दिवस लाली कमी झाली, मी स्वतःची पाठ थोपटून घेतली, आणि तिसऱ्या दिवशी हनुवटी भरून फोड आले.

त्या रविवारी नर्सने मुंगीच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि हात आडवा धरला. आवाज मऊ होता, पण हात काही हलला नाही. आत इतकी कच्ची बाळं आहेत, त्यांना हे जंतू सोसायचे नाहीत, म्हणाली. लेकीने काचेच्या दारापलीकडून हात हलवला. मुंगीनेही हलवला. ह्यांना तिच्यापाशी ठेवून मी तेवढ्यात आत जाऊन बाळ पाहून आले. रडली नाही, हट्ट केला नाही, बसमध्ये घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. पोरगी किती समजूतदार आहे, असं मी ह्यांना कौतुकाने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्वचेच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर म्हणजे एक मुलगीच होती, आणि पहिल्याच वाक्यात ती मला "आजी" म्हणाली, त्यामुळे माझं तिच्याशी तिथेच बिनसलं. मी नेलेल्या ट्यूबवरची बारीक अक्षरं तिने वाचली आणि ट्यूब सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली. यात तीन औषधांची सरमिसळ आहे, म्हणाली. त्यातलं एक वरची लाली दाबतं, आणि आत जंतूंना मोकळं रान मिळतं. पायासाठी दिलेली ट्यूब मुलाच्या तोंडाला लावायची नसते. मग तिने दुसरं मलम लिहून दिलं. हे फक्त जंतू मारणारं, अँटिबायोटिक. फोड थोडे आहेत, अंगात ताप नाही, तेव्हा पोटातून औषध द्यायची गरज नाही, वरून लावून भागेल.

लावायची रीत मात्र तिने दोनदा समजावली. आधी कोमट पाण्यात भिजवलेलं मऊ फडकं खपलीवर धरायचं. खपली भिजून सुटली की हलकेच काढायची. मगच मलम लावायचं, तेही पातळ. नुसतं खपलीवर फासलं तर ते खपलीवरच बसतं आणि जंतू खाली मजेत राहतात. दिवसातून तीनदा, पूर्ण पाच दिवस. मुंगीची नखं कापायची. तिचा टॉवेल वेगळा ठेवायचा आणि गरम पाण्यात धुवायचा.

आता टॉवेलाचं ती मला सांगणार. मी एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत काढली आहेत, त्यातली शेवटची बारा तिथली मुख्य म्हणून. ऑपरेशनच्या खोलीतल्या चादरी माझ्या हाताखालून जायच्या. त्यांच्यावर डाग सापडला असं कुणी कधी म्हणालं नाही, आणि म्हणालं असतं तर मी त्याला सुखाने जगू दिलं नसतं. माझ्या घरात टॉवेल उकळतो, उन्हात वाळतो, त्यावर इस्त्री फिरते आणि मी स्वतः तपासल्याशिवाय फळीवर जात नाही. आमचे हे म्हणतात, या घरात टॉवेलांना माणसांपेक्षा जास्त मान आहे. मी डॉक्टरला एवढंच म्हणाले, बरं.

मलम लावायचं काम ह्यांनी घेतलं, कारण माझा हात जड. इतकी वर्षं ओल्या चादरी ओढल्यावर हातात नाजूकपणा कुठून राहणार? हे घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला ते काळं भिंग लावून हे मुंगीसमोर स्टुलावर बसायचे आणि कापसाच्या काडीने एकेका फोडावर मलमाचा ठिपका ठेवायचे, जणू घड्याळाच्या चाकालाच तेल देतायत. मुंगी हसू दाबत मान ताठ धरून बसायची. दुकानातली तीन घड्याळं त्यांनी घरी आणली आणि तिन्हींना वेगवेगळ्या वेळेचे गजर लावले, सकाळ, दुपार, संध्याकाळ. गजर झाला की मुंगीच हाका मारायची.

तिसऱ्या दिवशी चेहरा लख्ख. मी ट्यूबला टोपण लावलं. हे म्हणाले, "अगं, पाच म्हणालीय ती."

मी म्हटलं, धुतलेली चादर पुन्हा धुवायची नसते. पोरीच्या कातडीवर कारण नसताना औषध फासायचं नाही. शिवाय ती डॉक्टर पाळण्यात होती तेव्हा मी लाँड्रीत जंतू मारत होते. ह्यांनी एकेक करून तिन्ही गजर बंद केले. माझ्याशी वाद घालायचं त्यांनी लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच सोडून दिलंय, आणि त्यामुळे माझं किती नुकसान झालंय हे मला अलीकडे कळायला लागलंय.

सहाव्या दिवशी फोड परत आले. डॉक्टरने विचारलं, किती दिवस लावलंत? हे छताकडे बघायला लागले. मला वाचवायचं असलं की हे छताकडे बघतात, आणि त्यामुळे मी दर वेळी पकडली जाते. डॉक्टर चिडली नाही. वरून साफ दिसलं तरी खाली थोडे उरलेले असतात, अर्ध्यावर सोडलं की उरतात ते जास्त चिवट, एवढं म्हणाली. दुसऱ्या फेरीला मी स्वतः पहारा दिला. पाच दिवस, पंधरा वेळा, एकही चुकली नाही. चेहरा साफ झाला, नर्सने बॅटरीच्या उजेडात पाहून आत सोडलं आणि मुंगीला तिचा रविवार मिळाला. बाळ तेव्हा एक किलो सातशेवर पोचलं होतं. मी पुन्हा एक भाकीत केलं: संपलं हे प्रकरण.

दहाव्या दिवशी सकाळी मुंगीचं तोंड पुसताना नाकपुडीच्या कडेला तोच पिवळट ठिपका दिसला.

त्याच दुपारी लेकीचा फोन आला. बाळ दोन किलोचं झालं की घरी सोडणार होते. तिच्या स्वतःच्या घरी ती एकटी पडली असती, म्हणून ती बाळाला घेऊन आमच्याकडेच यायची होती, ते पहिल्यापासून ठरलेलं. पण बाळाच्या डॉक्टरने घरात कोणकोण आहे विचारलं, हिने मुंगीचं सांगितलं आणि ते म्हणाले की ज्या घरात हे पुन्हापुन्हा उगवतंय त्या घरात हे बाळ जाणार नाही.

"आई, तोपर्यंत तिचं बरं झालं नाही तर मला बाळाला घेऊन नणंदेकडे जावं लागेल," लेक म्हणाली. नणंद दुसऱ्या गावी, रेल्वेने एक दिवसाच्या अंतरावर.

"किती दिवस?"

"महिना तरी. आणि मुंगीला नेता येणार नाही."

मी फोन ठेवला तेव्हा मुंगी शेजारीच बसून बाहुलीचे कपडे वाळत घालत होती. तिने काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही.

मला आता कुणीतरी दोषी हवं होतं. आधी मी शेजारची मांजर पकडली, पण मुंगी तिच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही, घाबरते. मग ह्यांचं दुकानातलं फडकं पकडलं, ते मी उकळलं, त्याचे दोन तुकडे झाले. शेवटी बालवाडी सापडली. पोरं सुटायच्या वेळेला मी तिथे गेले. पंधरावीस आयाबाप दाराशी उभे होते. त्या सगळ्यांसमोर मी तिथल्या ताईंना विचारलं की तुमच्याकडे टॉवेल कधी धुतात, की धुतच नाहीत? खेळणी कोण पुसतं? माझ्या नातीला इथूनच लागतंय आणि तुम्ही झाकून ठेवताय. ताई बिचाऱ्या शांतपणे म्हणाल्या, इथे दुसऱ्या कुठल्याच मुलाला असं काही झालेलं नाही, आम्ही कागदी रुमाल वापरतो. मी म्हटलं, सगळे असंच म्हणतात. मुंगीचा हात धरून तिला घरी आणलं आणि दुसऱ्या दिवसापासून बालवाडी बंद केली. त्या रात्री जेवताना हे एकदाच म्हणाले की तू जरा जास्त बोललीस. मी त्यांच्यावरही ओरडले.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरकडे जाताना मी मनातल्या मनात सगळं भाषण तयार ठेवलं होतं. तिला बोलूच दिलं नाही. खपल्या भिजवून काढतो, मलम पातळ लावतो, पाच दिवस पूर्ण केले, मुंगीचे टॉवेल वेगळे, तिचे चार, आमचे दोन-दोन, उकळते, वाळवते, इस्त्री करते. आता तुमचं औषधच कुचकामी आहे की पोरीच्या रक्तातच काही कमी आहे, ते सांगा.

मला रक्ताचीच भीती होती. दोन आठवडे मी मुंगीचं जेवण डोळ्यांनी मोजत होते, ती खेळताना दमते का ते बघत होते, आणि कुणाला बोलून दाखवत नव्हते.

डॉक्टरने मुंगीला खुर्चीत बसवलं, कोमट पाण्याने फोड साफ केला आणि हात पुसायला कपाटातून एक घडी घातलेला स्वच्छ रुमाल काढून दिला. मुंगीने तो उलगडला. दोन्ही हातांनी मधोमध धरून नाकावर दाबला, डोळे मिटून लांब श्वास घेतला, मान हलवली आणि मग हात पुसले.

"हे काय केलंस गं?" डॉक्टरने विचारलं.

"पास केला."

"पास म्हणजे?"

"आजी करते. टॉवेलात नाक घालून बघायचं. चांगला असला की म्हणायचं, पास. मग फळीवर."

आता हे समजावून सांगावं लागेल. लाँड्रीत कपडा डोळ्यांनी तपासून भागत नाही. साबण राहिला असेल, आत ओल धरली असेल, तर ते दिसत नाही, पण वासाला कळतं. म्हणून घडी घालण्याआधी कपडा नाकाशी न्यायचा, असं मी नव्या पोरींना शिकवायचे. नाकाशी म्हणजे जवळ. मी स्वतः मात्र तोंडच खुपसायची, कारण मला तो गरम, कोरडा वास आवडतो. घरीही तेच. उकळून, वाळवून, इस्त्री करून मुंगीचे चारही टॉवेल मी रोज एकेक करून तोंडावर दाबत होते आणि मग त्यांनी तिचं तोंड पुसत होते.

डॉक्टर हसली नाही, याबद्दल मी तिचे उपकार मानते. तिने कापसाच्या तीन काड्या काढल्या. एक मुंगीच्या फोडाला लावली, एक ह्यांच्या नाकात फिरवली आणि एक माझ्या. मी म्हटलं, माझ्या नाकात काय असणार, मला वर्षानुवर्षं साधी सर्दी होत नाही. ती म्हणाली, नसेलही, बघून घेऊ.

तपासणीला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत मी टॉवेलांना हात लावला नाही. लावावासाच वाटला नाही. खुर्चीत बसून मी मागचे सगळे दिवस आठवून पाहिले, आणि जिथे जिथे मुंगी बरी होती तिथे तिथे मी होते, आणि जिथे जिथे पुन्हा फोड आला तिथेही मीच होते. ह्यांनी विचारलं, काय गं, बोलत का नाहीस? मी म्हटलं, वाट बघतेय.

चौथ्या दिवशी डॉक्टरने बोलावलं. ह्यांचं नाक स्वच्छ. माझ्या नाकात जंतूंचं भरलं गोकुळ. मुंगीच्या फोडात जो जंतू सापडला त्याच जातीचा, त्याच औषधाला दबणारा. डॉक्टर म्हणाली की हा आजार नाही, पुष्कळ लोकांच्या नाकात हे जंतू आयुष्यभर असतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. मोठ्यांना काही करत नाहीत. मुलांची कातडी पातळ, कुठे ओरखडा निघाला, नाक पुसून पुसून कड हुळहुळी झाली, की तिथे शिरतात. मलमाने मुंगी दर वेळी बरी होतच होती. तिला पुन्हा लागण होत होती.

"म्हणजे पोरीच्या रक्तात काही नाही?" मी विचारलं.

"काही नाही. मुलगी ठणठणीत आहे, आजी."

मला आधी लाज वाटली की आधी हायसं वाटलं? खरं सांगते, आधी हायसं वाटलं. इतकं की मी मुंगीच्या शेजारी एका छोट्या खुर्चीत बसकण मारली. मुंगीत काही बिघाड नव्हता. बिघाड माझ्यात होता, आणि त्याच्यावर औषध होतं. माझ्या नाकात पोटभाडेकरू राहत होते, त्यांना बाहेर काढायचं, बस्स. लाज मग सावकाश, पायऱ्या उतरताना आली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

औषध जवळपास तेच, नाकासाठी वेगळी छोटी ट्यूब मिळते. दिवसातून दोनदा, पाच दिवस, दोन्ही नाकपुड्यांत. "पाच," डॉक्टर पुन्हा म्हणाली, आणि हे सांगताना तिने माझ्याकडे नाही, ह्यांच्याकडे पाहिलं. मुंगीच्या नव्या फोडाला तिचं मलम, त्याच पाच दिवसांत. मी हात सतत धुवायचे, नाकाला बोट लावायचं नाही आणि टॉवेल तपासायचं काम दुसऱ्याला द्यायचं.

संध्याकाळी स्टुलासमोर मुंगीच्या जागी मी बसले. ह्यांनी डोळ्याला भिंग लावलं, काडीच्या टोकावर मटारच्या अर्ध्या दाण्याएवढं मलम घेतलं आणि म्हणाले, हलू नकोस. मी हलले नाही. नाक चिमटीत धरून मिनिटभर हलकं दाबायचं होतं, म्हणजे मलम आत सगळीकडे पोचतं. ते मिनिट ह्यांनी घड्याळावर मोजलं. मग म्हणाले, "इतक्या वर्षांत तू पहिल्यांदाच एवढा वेळ गप्प बसलीस." मला हसू आलं आणि सगळं मलम बाहेर आलं. पुन्हा लावावं लागलं.

लेकीला फोन करायला मात्र मला दुसरा दिवस उजाडावा लागला. सगळं तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, तुझं नाक?" मी म्हटलं, हो, माझंच. ती हसायला लागली. इतकी हसली की कुणीतरी तिला काय झालं विचारायला आलं. आणि हसता हसता तिचा सूर बदलला. "म्हणजे मला नणंदेकडे नको ना जायला?"

एरवी मी छातीठोकपणे सांगितलं असतं की नको, भर बॅगा. या वेळी मी म्हटलं, माझं नाक पुन्हा तपासतील, ते साफ आलं आणि मुंगीचा चेहरा साफ राहिला तर नको.

बालवाडीतही गेले. मुद्दाम पोरं सुटायच्याच वेळेला, कारण जे चार लोकांत बोलले ते चार लोकांतच परत घ्यायला हवं होतं. मी म्हटलं, ताई, तुमच्याकडून काही लागलं नव्हतं, माझ्याच नाकातून लागत होतं, आणि मी तुम्हाला नको ते बोलले. एक बाप खोकला, हसू लपवायला. ताईंनी माझा हात हातात घेतला नाही की काही नाही, त्यांना राग होताच, आणि तो असायलाच हवा होता. पण त्या म्हणाल्या, मुंगीची खुर्ची तशीच ठेवलीय, डॉक्टर म्हणतील तेव्हा पाठवा.

ते पाच दिवस संपले. टॉवेलांची घडी आता हे घालत होते, कडेला कड न जुळवता, आणि मी दुसऱ्या खोलीत बसून ते सहन करत होते. आणखी काही दिवस थांबून डॉक्टरने माझ्या नाकात पुन्हा काडी फिरवली. बाळ एक किलो नऊशे पन्नास. मुंगीचा चेहरा रोज सकाळी आम्ही दोघं खिडकीशी नेऊन पाहायचो. साफ. दुसऱ्या दिवशी साफ. तिसऱ्या दिवशी साफ. चौथ्या दिवशी सकाळी दवाखान्यातून फोन आला की माझं नाक स्वच्छ आहे. मी ह्यांना सांगायला गेले आणि नुसती मान हलवली. हे म्हणाले, पास? मी त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग त्यांच्याच खांद्यावर डोकं टेकून रडले. बाळाच्या डॉक्टरांनी माझ्या नाकाचा आणि मुंगीच्या चेहऱ्याचा असे दोन्ही कागद पाहिले आणि होकार दिला.

लेक शनिवारी दुपारी घरी आली. खाली टॅक्सी थांबल्याचा आवाज आला तेव्हा मी तिसऱ्यांदा हात धूत होते. हे बॅगा आणायला धावले. लेक दारातून आत आली, छातीशी ते गाठोडं, दोन किलो पन्नास ग्रॅमचं, त्यातून नुसतं कपाळ आणि एक मूठ बाहेर. मी जवळ जाऊन पाहिलं. काचेतून पाहत होते त्याच्यापेक्षा तो खूपच लालबुंद आणि रागीट होता, माझ्या वळणावर गेलेला.

मग लेक म्हणाली, मुंगी कुठाय?

मुंगी आतल्या खोलीच्या दाराजवळ होती. कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत अंग चोरून उभी, दोन्ही हात पाठीमागे. तोंड स्वच्छ, हनुवटीवर फक्त एक फिकट गुलाबी खूण. आम्ही हाका मारल्या. हलली नाही. मला वाटलं, लाजली. मी चिडवलं, काय गं, भाऊ नको वाटतं तुला? लेकीने बाळ ह्यांच्या हातात दिलं, खाली फरशीवर बसली आणि हात पसरले. मुंगी तरीही तिथेच. तिने आईकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"आजी, माझे जंतू गेले?"

"गेले की. कधीच गेले."

"मग तो मरणार नाही ना माझ्यामुळे?"

मला तेव्हा कळलं. जंतू माझे आहेत हे डॉक्टरला माहीत होतं, ह्यांना माहीत होतं, लेकीला फोनवर सांगून झालं होतं, बालवाडीच्या दाराशी उभ्या असलेल्या परक्या माणसांनासुद्धा मी ओरडून सांगून आले होते. त्या दवाखान्यात शेजारच्या खुर्चीत बसलेल्या पोरीला मात्र कुणी तोंडाने सांगितलं नव्हतं. इतके आठवडे ती सगळं आपल्याच अंगावर घेऊन हिंडत होती, आणि मी तिला समजूतदार म्हणत होते.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. गुडघे दुखतात, पण बसले. "मुंगे, ते तुझे नव्हतेच गं. माझे होते. माझ्या नाकात होते, आणि टॉवेलातून मी ते तुझ्या तोंडाला लावत होते. तू काही केलं नाहीस. सगळी चूक आजीची."

तिने माझ्या नाकाकडे बराच वेळ बघितलं, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या.

"मग हॉस्पिटलात दाराबाहेर तू का नाही थांबलीस?"

एकतीस वर्षांची नोकरी आणि चाळीस वर्षांचा संसार, पण त्यातलं एकही वाक्य कामाला येईना. "मला माहीत नव्हतं," मी म्हटलं. "मला वाटलं, तुझेच आहेत. मी तुलाच बाहेर ठेवत राहिले."

मग पाठीमागचे हात पुढे आले. ती फटीतून बाहेर आली, दोन पावलं चालली, मग धावली आणि आईच्या मांडीत अशी शिरली की लेक मागे भिंतीवर आपटली आणि तिथेच हसत रडत राहिली. ह्यांनी बाळाला घेऊन खाली वाकून दाखवलं. मुंगीने एका बोटाने त्याच्या मुठीला हात लावला, पटकन काढून घेतला, बोट बघितलं, पुन्हा लावला. मी होते तिथेच, कपाटाशी, जमिनीवर.

थोड्या वेळाने मुंगीने मान वळवली आणि मला हाक मारली. "आजी, तुझेपण गेलेत ना? मग ये ना इकडे."

मी उठले आणि गेले.